निवटीचं बीळ कुणाच्या नावावर?

मैत्रिणींनो, शेवगावात बसून समुद्राच्या माशावर लिहायचं म्हणजे दापोलीत बसून हुरड्यावर लिहिण्यासारखंच आहे. आमच्याकडे बाजारात मासे येतात ते नाथसागराचे. रोहू, कटला, कधी मरळ, आणि पाटीत चमचमणारे बारीक मासे. समुद्राचं म्हणाल तर वाण्याच्या दुकानातले सुके बोंबील आणि सुकट, एवढाच आमचा संबंध. पण आज ज्या माशाबद्दल लिहायचं आहे तो सुकाही इथवर येत नाही आणि ताजाही येत नाही. पैसे मोजायची तयारी असली तरी इथे तो मिळायचा नाही. त्याचं नाव निवटी.

आमच्या शेजारी बँकेतल्या बदलीमुळे एक कुटुंब राहायला आलं आहे. त्या वहिनी माहेरच्या उरणकडच्या. खाडीकाठचं गाव, घराच्या मागे तिवरांची झाडी, तिच्यापुढे चिखल. इथे आल्यापासून त्यांना आमटी-भाकरी आवडू लागली आहे, पण बोलता बोलता गाडी माहेरच्या निवट्यांवर आली की त्यांचं हातातलं निवडणं थांबतं. मी शाळेत अर्धवेळ भूगोल आणि मराठी शिकवते. त्यामुळे एखादी गोष्ट कानावर पडली की ती पुस्तकांतून उकरून काढल्याशिवाय मला राहवत नाही. शाळेच्या ग्रंथालयातून, मुलाच्या मोबाईलवरून आणि वहिनींच्या तोंडून असं जे गोळा झालं ते तुमच्यापुढे ठेवते.

निवटी असते वीतभर लांबीची. रंग मातकट, करडा-हिरवट, चिखलात पडली तर चिखलच वाटावा असा. अंग बुळबुळीत. डोळे मात्र डोक्याच्या पार वर, बेडकासारखे बाहेर आलेले. भरतीला ती बिळात असते आणि ओहोटी लागून चिखल उघडा पडला की बाहेर येते. म्हणजे इतर मासे पाण्याबरोबर आत जातात आणि ही बाई पाणी गेल्यावर कामाला निघते! छातीकडचे दोन पर कुबड्यांसारखे टेकत ती चिखलावरून सरपटत चालते, मधेच शेपटी आपटून उडी मारते. नर तर पाठीवरचा पर पंख्यासारखा उभारून चांगल्या उंच उड्या मारतात. आपण इथे आहोत हे माद्यांना कळावं आणि दुसऱ्या नरांनी लांब राहावं, हा त्यामागचा हेतू.

ही खाते काय? तर चिखलच, असं पाहणाऱ्याला वाटतं. मान डावी-उजवीकडे हलवत ती चिखलाचा वरचा पापुद्रा खरवडते. दुधाच्या पातेल्याची खरवड काढावी तशी. त्या पापुद्र्यात डायटम नावाचं, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं शेवाळ असतं. ऊन पडलं की ते वाढतं, आणि त्यावर निवटीचं पोट भरतं. खाडीचा उघडा चिखल आपल्याला ओसाड दिसतो, पण खरं तर ते पीक उभं असलेलं रान असतं. पेरणारा कुणी नाही आणि राखणारा कुणी नाही, एवढाच फरक.

पाण्याबाहेर मासा जगतो कसा, हा प्रश्न सातवीच्या मुलांनी मला लगेच विचारला. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी आणि हवा धरून ठेवायची सोय तिला आहे. शिवाय ओलसर कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून ती हवेतला प्राणवायू घेते. म्हणून अंग वाळून चालत नाही. मधून मधून ती चिखलातल्या डबक्यात कूस पालटून लोळून घेते. डोळे कोरडे पडू लागले की ते खाली खोबणीत ओढून ओले करते आणि पुन्हा वर काढते. मासे पापणी लवत नाहीत असं आपण शिकलो. ही मात्र डोळे मिचकावते, आणि ते कसं व का यावर अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये मोठा निबंध प्रसिद्ध केला आहे.

आता बिळाबद्दल. वर एकापेक्षा जास्त तोंडं आणि खाली जाणारी वाट, असं ते घर असतं. तोंडाने चिखलाचे गोळे उचलून बाहेर टाकत ते खणलेलं असतं, म्हणून तोंडाभोवती मऊ गोळ्यांची रास दिसते. उन्हापासून, बगळ्यापासून, उलट्या भरतीपासून आसरा तिथेच, आणि बाळंतपणही तिथेच. पण बिळातल्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. मग अंडी जगतात कशी? निवटीच्या भावकीतल्या जपानी जातीवर नागासाकीच्या शास्त्रज्ञांनी अभ्यास केला आणि २००७ मध्ये तो छापला. तिथला नर ओहोटीला वर येऊन तोंडभर हवा घेतो, बिळात खाली नेऊन अंड्यांच्या खोलीत सोडतो, पुन्हा वर येतो, पुन्हा घोटभर हवा. अंडी खोलीच्या छताला चिकटवलेली असतात, त्यांच्याभोवती ही साठवलेली हवा राहते. पिल्लं बाहेर पडायची वेळ झाली की रात्रीच्या चढत्या भरतीला तोच नर सगळी हवा तोंडाने उपसून बाहेर टाकतो, खोलीत पाणी शिरतं आणि अंडी उबून पिल्लं पोहत निघून जातात. मादी अंडी घालून मोकळी! हे मी आमच्या ह्यांना मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी पेपर जरा वर धरला.

शास्त्रात आपल्या निवटीला बोलिओफ्थॅल्मस ड्युसुमिएरी असं लांबलचक नाव आहे. ड्युसुमिए हा जहाजांतून हिंडणारा एक फ्रेंच व्यापारी. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरचे मासे जमवून तो पॅरिसला नेई. १८३७ मध्ये व्हॅलेन्सिएन या शास्त्रज्ञाने माशांच्या मोठ्या ग्रंथात या माशाचं वर्णन केलं आणि त्याला त्या व्यापाऱ्याचं नाव दिलं. ज्या बाया त्याच्याही आधीपासून हा मासा धरत होत्या त्यांचं नाव लागण्याचा अर्थातच प्रश्न नव्हता.

होय, निवट्या धरणं हे पुष्कळ ठिकाणी बायकांचं काम. होडी लागत नाही, मोठं जाळं लागत नाही. लागते ती ओहोटीची वेळ ओळखण्याची अक्कल आणि गुडघाभर चिखलात दोन-तीन तास वाकायची कंबर. वहिनींच्या आई तिथीवरून हिशेब करीत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा ओहोटीही लांबवर जाते आणि चिखल जास्त उघडा पडतो. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाणी फार हलत नाही. घरातली कालनिर्णयाची तारीख स्वयंपाकघरात लटकलेली, ती गॅसची नोंद करायला नाही तर हे बघायला.

चिखलात उतरल्यावर पाहायचं ते बिळाचं तोंड. चिंबोरीचं वेगळं, निवटीचं वेगळं. खरवडल्याच्या खुणा ताज्या आहेत का, तोंडाशी पाणी गढूळ आहे का, हे पाहून आत कुणी आहे की नाही ते ठरवायचं. मग एका तोंडावर पाय ठेवायचा आणि दुसऱ्यातून हात घालायचा, कोपरापर्यंत, कधी खांद्यापर्यंत. वहिनी सांगतात, "आई म्हणायची, चिखलात डोळ्यांनी बघायचं नाही, बोटांनी बघायचं." बोटाला बुळबुळीत लागली तर निवटी. टणक लागली तर चिंबोरी, मग हात सांभाळ. काटा लागला तर शिंगाळा, आणि गार, लांब काही लागलं तर ताई, हात काढायचा आणि घरी यायचं! अलीकडे त्या सगळ्यांपेक्षा फुटक्या बाटल्यांची भीती जास्त, असं त्या म्हणतात.

तुमच्यापैकी ज्या शाकाहारी असतील त्यांनी पुढचा परिच्छेद ओलांडावा. बाकीच्यांसाठी, विशेषतः नवऱ्याच्या नोकरीमुळे ठाणे-पनवेलकडे गेलेल्या आपल्या देशावरच्या मुलींसाठी, वहिनींनी सांगितलेली रीत देते.

निवट्या जिवंतच घ्याव्यात. टोपलीत वळवळत असतील तर उत्तम, निपचित पडल्या असतील तर पुढच्या कोळणीकडे जावं. कोणत्या खाडीतल्या ते विचारावं. कारखान्यांचं सांडपाणी जिथे येतं तिथल्या नकोत, कारण चिखल खाणाऱ्या माशाच्या पोटात चिखलातलं सगळंच जातं. घरी आणल्यावर खोल पातेल्यात घालून लगेच झाकण ठेवावं, नाहीतर ओट्यावरून उड्या मारून मोरीत जातात आणि मुलं किंचाळतात. चुलीची राख मिळाली तर मूठभर, नाहीतर जाडं मीठ घालून चोळावं. बुळबुळीतपणा जाईपर्यंत चार-पाच पाण्यांतून धुवावं. पर कापून पोट साफ करावं. पोटात चिखल राहिला तर कालवण कचकचतं. टोपात तेल तापवून ठेचलेला लसूण लाल करावा, हिंग, हळद, घरचा मसाला घालावा. चिंचेचा कोळ आणि पाणी घालून उकळी आली की मीठ आणि निवट्या सोडाव्यात. उन्हाळ्यात चिंचेऐवजी कैरीच्या फोडी. पाच-सात मिनिटांत शिजतात. डाव घालून ढवळू नये, टोप फडक्याने धरून हलवावा. नारळ नको, असं वहिनींचं ठाम मत. त्यांच्या जाऊबाई घालतात, तो विषय आमच्याकडे काढायचा नाही.

तर, या निवट्या विकून वहिनींच्या आईंनी घरचं मीठ-मिरची, दोन मुलांच्या वह्या आणि शेवटी मुलीच्या बी. कॉम.ची फी भागवली. वडील होडीवर जात. त्यांच्या कमाईचा हिशेब वहीत असे. आईंच्या कमाईचा हिशेब कमरेच्या पिशवीत. संध्याकाळी ती पिशवी रिकामी होई, म्हणून ती कमाई आहे असं कुणाच्या लक्षात येत नसे. तुम्हाआम्हाला यात नवल वाटायला नको. शिवणाचे पैसे, शिकवणीचे पैसे, दुधाचे पैसे असेच येतात आणि असेच जातात.

खरी अडचण पुढे आली. उरणचा हा भाग गेल्या पन्नास वर्षांत किती बदलला ते वर्तमानपत्रं वाचणारीला सांगायला नको. नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. जमिनी घेतल्या जाऊ लागल्या. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला गोळीबार झाला, त्यात पाच आंदोलक गेले. त्या लढ्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं. २०२४ च्या जानेवारीत शिवडीपासून तिकडे जाणारा अटल सेतू खुला झाला. जवळजवळ बावीस किलोमीटरचा पूल, चिखलावरून आणि पाण्यावरून. मोटारीत बसून पार केला की खाली कुणी वाकलेली बाई असेल हे दिसायचं कारणच नाही.

बंदर नको, पूल नको असं मी म्हणत नाही. आमच्याकडे जायकवाडीचं धरण झालं तेव्हा आमच्या तालुक्यातल्याही काहींची काळीभोर जमीन पाण्याखाली गेली, आणि त्याच पाण्यावर आज मराठवाड्यात कितीतरी घरांत दिवा आणि नळ आहे. दोन्ही खरं आहे. पण जमीन गेली त्याचा कागद तरी होता. सातबारा होता, त्यावर नाव होतं, कमी का होईना मोबदला ठरवायला आणि त्यासाठी भांडायला हातात काहीतरी होतं. भरती-ओहोटीच्या मधल्या चिखलाला सातबारा नसतो. तो सरकारचा. म्हणून भराव पडला की सरकारी जागेवर भराव पडला, एवढंच कागदावर येतं. वर्षानुवर्षं तिथे पीक काढणारीचं नाव कुठल्याच कागदावर नसतं, म्हणून तिचं काही गेलं असंही कुठे लिहिलं जात नाही.

हे अगदीच कुणी विचारलं नाही असं नाही. उरण परिसरातल्या पारंपरिक मच्छीमारांनी पुण्याच्या हरित लवादाकडे दाद मागितली. भराव आणि तिवरांची तोड यांमुळे आमचा धंदा बुडाला, हे त्यांचं म्हणणं. फेब्रुवारी २०१५ मध्ये लवादाने बंदर, सिडको आणि ओएनजीसी यांनी मिळून १६३० कुटुंबांना ९५ कोटींच्या वर रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला. त्या आदेशाचं मोल मोठं आहे. हातात जमिनीचा कागद नसताना खाडीवरचं पोट हे पोटच आहे, हे त्यात मानलं गेलं. पण 'कुटुंबांना' हा शब्द मला थांबवतो. कुटुंब म्हटलं की कागदावर पहिलं नाव कुणाचं येतं ते आपल्याला ठाऊक आहे. आपल्या शिधापत्रिकेवर अलीकडे बाईचं नाव कुटुंबप्रमुख म्हणून येतं, पण धंद्याच्या कागदावर अजून होडी असलेला पुरुषच मच्छीमार आणि बाई त्याची 'मदत' करणारी. निवटी तर होडीतून धरतच नाहीत. मग ती कुणाची मदत?

जपानात निवटीची एक सख्खी चुलत बहीण आहे. तिला मुत्सुगोरो म्हणतात. आरिआके नावाच्या समुद्राच्या चिखलात ती राहते, तिथले लोक ती आवडीने खातात आणि तिचं कौतुकही करतात. त्याच समुद्राच्या इसाहाया नावाच्या आखातात सरकारने सात किलोमीटरचा बांध घालून शेतजमीन काढायचं ठरवलं. काही लोकांनी १९९६ मध्ये चक्क मुत्सुगोरोच्या नावाने न्यायालयात दावा लावला. मासा वादी! तो दावा टिकला नाही. १४ एप्रिल १९९७ ला बांधाच्या फटीत २९३ पोलादी पत्रे एकामागून एक खाली सोडले गेले आणि आतला चिखल समुद्रापासून तुटला. भेगाळलेल्या कोरड्या चिखलावर मेलेले मुत्सुगोरो घरोघर दूरदर्शनवर दिसले, आणि बांधाचं भांडण पुढे कित्येक वर्षं न्यायालयांत चाललं. मला त्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथे निदान मासा तरी कागदावर आला. आमच्याकडे २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा म्हणून मान मिळाला, छान झालं. पण पापलेट धरायला होडी लागते, इंजिन लागतं, बर्फ लागतो. हाताने धरायच्या माशाकडे लक्ष जायला वेळ लागतो.

कायद्याचं बोलायचं तर २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत जीवसृष्टीने भरलेल्या चिखलपट्ट्यांना तिवरांच्या बरोबरीने सगळ्यांत जपायच्या वर्गात घातलं आहे. म्हणजे कागदावर चिखल आता निरुपयोगी राहिलेला नाही. चिखलात जाणाऱ्या बाईलाही कागदावर यायला हवं, आणि त्यासाठी दोन-तीन साध्या गोष्टी करता येतात. किनाऱ्यावरच्या वाचक भगिनींना म्हणून सांगते. ऑगस्ट २०२१ पासून असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू झाली. सोळा ते एकोणसाठ वयाच्या बाईला आधार कार्ड, बँकेचं पुस्तक आणि मोबाईल घेऊन गावातल्या सेवा केंद्रात ती करता येते. तिथे बसलेला मुलगा घाईत 'घरकाम' टाकून मोकळा होतो. त्याला थांबवायचं आणि मासेमारी असं लिहायला लावायचं. गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेत नवऱ्याबरोबर आपल्याही नावाने सभासदत्व मागायचं, आणि 'नाही' म्हणाले तर ते 'नाही' लेखी मागायचं. विकलेल्या मालाची नोंद एका साध्या वहीत ठेवायची, तारीख आणि रक्कम, दोनच रकाने. दावा लागतो तेव्हा अशा वह्या उपयोगी पडतात. हे शेतीच्या भांडणात आमच्याकडच्या किती घरांनी अनुभवलं आहे.

वहिनींच्या आई एकसष्ट वर्षांच्या आहेत, त्यामुळे त्यांचं कार्ड निघालं नाही. त्यांच्या थोरल्या सूनबाई मात्र अजून चिखलात उतरतात. दिवाळीला माहेरी गेल्यावर वहिनी त्यांना घेऊन केंद्रावर गेल्या. मुलाने नेहमीप्रमाणे विचारलं, "काकी, तुम्ही काय करता? घरीच ना?" सूनबाई म्हणाल्या, "निवट्या धरते." त्याने यादी पाहिली. निवट्या धरणे असा धंदा त्यात नव्हताच. शेवटी बरंच शोधून 'मच्छीमार' सापडलं. स्त्रीलिंगी शब्द नव्हता, पण सूनबाई म्हणाल्या, चालेल, टाक.